आज्ञार्थाची साक्षरता : व्हिडिओ गेम, बालक आणि भाषा

व्हिडिओ गेममुळे मुलांची भाषा सुधारते की बिघडते हा प्रश्न आपल्याकडे पालकसभांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून विचारला जातो. साहित्यसमीक्षेच्या पृष्ठांवर तो सहसा येत नाही. जी वस्तू संहिता आहे असे आपण मानत नाही, तिचे वाचन कसे होते हा प्रश्नही मग आपल्याला पडत नाही. परिणामी हा सारा विषय मानसशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि विक्रेते यांच्याकडे गेला आहे, आणि 'भाषिक कौशल्ये' या नावाखाली नेमके काय मोजले जाते याची चौकशी मागे पडली आहे. 'भाषा' हा शब्द जिथे इतक्या सैलपणे वापरला जातो तिथे भाषेच्या अभ्यासकाने हस्तक्षेप करणे आवश्यक आहे, एवढ्याच भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे. खेळ चांगले की वाईट याचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. खेळताना मूल कोणत्या प्रकारचे वाक्य वाचते, आणि ते कोणत्या भाषेत वाचते, हे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

या चर्चेला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती प्रामुख्याने जेम्स पॉल जी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. व्हिडिओ गेम, अध्ययन आणि साक्षरता यांचा संबंध तपासणारे त्याचे पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. जी मूळचा सैद्धांतिक भाषाशास्त्रातला, वाक्यविन्यासावर काम केलेला अभ्यासक. आपल्या लहान मुलाला मदत करता यावी म्हणून त्याने 'पजामा सॅम' हा बालखेळ खेळून पाहिला, आणि पुढे मोठ्यांचे खेळ खेळताना आपण पुन्हा एकदा नवशिके झालो आहोत असा अनुभव त्याला आला. त्याच्या पुस्तकात अध्ययनाची छत्तीस तत्त्वे आहेत. तत्त्वांची अशी मोजदाद करण्याचा सोस बाजूला ठेवला तरी त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. 'डेउस एक्स' या खेळाबरोबर आलेली माहितीपुस्तिका जीने आधी वाचली. शब्द सगळे ओळखीचे, वाक्येही व्याकरणशुद्ध. पण काही केल्या बोध होईना. मग त्याने पुस्तिका ठेवून दिली, कित्येक तास खेळ खेळला, आणि नंतर तीच पुस्तिका उघडली तेव्हा ती पूर्णपणे सुबोध वाटली. पुस्तिका तीच होती. आता तिच्या शब्दांमागे जग उभे होते. यावरून तो असे सांगतो की शब्दाचा अर्थ दोन प्रकारे कळतो: एक, दुसऱ्या शब्दांच्या साहाय्याने, दुसरा, कृती, प्रतिमा आणि अनुभव यांच्या साहाय्याने. शाळा पहिल्या प्रकारावर विसंबते, खेळ दुसऱ्यावर. या दुसऱ्या प्रकारच्या अर्थाला आपण 'स्थितिबद्ध अर्थ' म्हणू.

भारतीय भाषाविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटले तर नवल नाही. मूल भाषा कशी शिकते याचे मीमांसकांनी दिलेले उत्तर 'वृद्धव्यवहार' या संज्ञेने प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा माणूस दुसऱ्या जाणत्या माणसाला म्हणतो, "गाय आण." दुसरा माणूस जातो आणि गाय घेऊन येतो. शेजारी बसलेले मूल हे पाहत असते. त्याला अजून 'गाय' हा शब्द वेगळा कळलेला नाही की 'आण' हा वेगळा कळलेला नाही. त्या संपूर्ण ध्वनिसमूहाचा त्या संपूर्ण कृतीशी संबंध आहे एवढेच त्याला कळते. पुढे "घोडा आण", "गाय बांध" अशी वाक्ये कानावर येतात. एक शब्द निघतो, दुसरा त्या जागी येतो, आणि कृती तेवढ्याच अंशाने बदलते. या काढण्या-घालण्याच्या प्रक्रियेतून, शास्त्रकारांच्या भाषेत आवापोद्वापातून, सुट्या शब्दांचे अर्थ मुलाच्या मनात स्थिर होतात. प्राभाकर मीमांसकांनी यावरूनच असा सिद्धांत मांडला की शब्दाला सुटा अर्थ नसतोच. तो नेहमी अन्वित, म्हणजे दुसऱ्याशी आणि अंतिमतः कर्तव्याशी जोडलेला असतो. भाट्टांनी याला विरोध केला. आधी पदार्थ कळतात, मग त्यांचा अन्वय होतो, असे त्यांचे म्हणणे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'च्या द्वारा हा वाद आपल्या काव्यशास्त्राच्या वर्गांतून आजही शिकवला जातो, मात्र बहुधा परीक्षेपुरता. जीचा स्थितिबद्ध अर्थ आणि प्राभाकरांचा अन्वित अर्थ यांचे साम्य योगायोगाचे असेलही. पण आपल्या हाती असलेली ही मांडणी अधिक सूक्ष्म आहे, आणि व्हिडिओ गेमची भाषा नेमकी कुठपर्यंत जाते व कुठे थांबते हे तिच्या आधारे अधिक नीट पाहता येते, असे मला वाटते.

आधी ही भाषा कुठपर्यंत जाते ते पाहू. व्हिडिओ गेमच्या इतिहासातील आरंभीचा एक महत्त्वाचा टप्पा निखळ शब्दांचा आहे, ही गोष्ट आजच्या चित्रमय पडद्यांमुळे विस्मरणात गेली आहे. विल क्राउथर या प्रोग्रॅमरने १९७६ च्या सुमारास 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ लिहिला तो आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून. १९७७ मध्ये डॉन वूड्सने त्यात भर घातली. त्यात चित्र नव्हते. गुहेचे वर्णन पडद्यावर उमटायचे आणि खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत आज्ञा टंकित करायची. पाठोपाठ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील तरुणांनी रचलेला आणि १९८० पासून इन्फोकॉम या कंपनीने विकलेला 'झॉर्क' आला. त्याची वाक्यग्रहणशक्ती अधिक होती. कर्म, अप्रत्यक्ष कर्म, शब्दयोगी अव्यये असलेली सबंध वाक्ये त्याला कळत. त्यामुळे कोणती वस्तू, कशाने, कशावर, हे खेळणाऱ्याला वाक्यात नीट सांगावे लागे. ते संदिग्ध राहिले तर खेळ उलट प्रश्न विचारी. शाळेत वाक्यपृथक्करणाचा जो धडा मुले जांभया देत सोडवतात, तो येथे दार उघडण्याची किल्ली होतो. आवापोद्वापाचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.

याही आधीचे उदाहरण 'ऑरेगन ट्रेल' या खेळाचे आहे. डॉन रॉविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर या मिनिआपोलिसच्या तिघा तरुण शिक्षकांनी तो इतिहासाच्या तासासाठी रचला आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी रॉविचच्या वर्गात तो प्रथम खेळला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांचा प्रवास हा त्याचा विषय. (त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे काय, हा प्रश्न खेळाला पडला नव्हता, परंतु तो वेगळ्या निबंधाचा विषय आहे.) संगणकाला पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्रावर कागदाची गुंडाळी होती. प्रवासात अन्न कमी पडले की शिकार करायची, आणि शिकार करायची म्हणजे 'बँग' हा शब्द झटपट व बिनचूक टंकित करायचा. अक्षर चुकले तर नेम चुकला. वेळ लागला तर सावज निसटले. शुद्धलेखनाच्या चुकीची शिक्षा म्हणजे गुणपत्रिकेवरची तांबडी रेघ, असे मानणाऱ्या शिक्षणव्यवस्थेत एका अक्षराच्या चुकीमुळे सगळे कुटुंब उपाशी राहावे ही कल्पना विलक्षण होती. ऑस्टिनने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत शब्दांनी कृती कशा घडतात याची मीमांसा केली. त्याच्या विवेचनातील विवाह, शपथ, नामकरण यांच्यासाठी समाजमान्य विधी लागतो. येथे एका शाळकरी पोराचा शब्द यंत्राच्या साक्षीने थेट कृती झाला.

पण वृद्धव्यवहाराच्या मूळ चित्राशी हे ताडून पाहिले की एक उलथापालथ ध्यानात येते. मूळ चित्रात आज्ञा देणारा वडील आहे, ती पाळणारा जाणता आहे, आणि मूल तिसरे, पाहणारे आहे. खेळात मूलच आज्ञा देते. यंत्र ती पाळते. उत्तमवृद्धाच्या आसनावर बालकाला बसवणारी ही व्यवस्था आहे, आणि मुलांना तिची जी विलक्षण ओढ वाटते तिचे एक कारण येथे असावे. घरात आणि शाळेत ज्याने फक्त आज्ञा ऐकायच्या, त्याच्या आज्ञार्थी क्रियापदाला येथे जग वश होते. मात्र या सिंहासनाची किंमत आहे. आज्ञा पाळणारे यंत्र हे मध्यमवृद्धासारखे जाणते नाही. त्याला अभिधा कळते, लक्षणा कळत नाही. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटले की जाणता श्रोता क्षणभर अडखळून गंगेचा तीर समजतो, आणि त्या अडखळण्यातच शैत्यपावनत्वाची व्यंजना त्याला लाभते. यंत्र मात्र गवळीवाडा पाण्यात बुडवील, किंवा हे वाक्य कळले नाही असे सांगेल.

अभिधेचा हा खेळ त्याच्या टोकाला नेऊन दाखवणारी कृती म्हणजे फिफ्थ सेल या संस्थेने रचलेला आणि २००९ मध्ये निन्टेंडोच्या हातातल्या यंत्रासाठी आलेला 'स्क्रिबलनॉट्स'. त्यातील मॅक्सवेल नावाच्या मुलापाशी एक वही असते. खेळणाऱ्याने तीत नाम लिहायचे की ती वस्तू पडद्यावर अवतरते. शिडी लिहिली की शिडी, हत्ती लिहिला की हत्ती. बावीस हजारांहून अधिक शब्द या खेळाच्या कोशात आहेत. अश्लील शब्द आणि व्यापारी नावे वगळलेली आहेत. झाडावर अडकलेली वस्तू खाली आणायची तर कुऱ्हाड चालेल, शिडी चालेल, पंखही चालतील. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने याहून आकर्षक योजना कल्पिता येणार नाही. शब्दसंपत्ती हीच येथे खरोखरीची संपत्ती आहे.

आणि तरीही खेळू लागल्यावर घडते ते निराळेच. दहा-वीस हुकमी शब्द सापडले की मूल त्यांच्यावरच भागवू लागते. जे काम दोराने आणि पंखांनी होते त्यासाठी नवा शब्द कोण शोधणार? रचनाकारांना हे कळले असावे, कारण त्यांनी एक नियम घातला: सोडवलेले कोडे पुन्हा, ओळीने तीन वेळा, एकदा वापरलेली वस्तू न वापरता सोडवायचे. हा नियम मला त्या संबंध खेळातील सर्वांत साहित्यिक क्षण वाटतो. पुनरुक्तीला मज्जाव केल्याबरोबर मूल कोशाच्या अनोळखी भागात शिरते. यमक जुळवताना कवीची जी अवस्था होते तिचे हे बालरूप म्हणता येईल. परंतु याच खेळात पर्यायशब्दांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. अनेक समानार्थी शब्द लिहिले तरी चित्र एकच उमटते. 'सदन', 'गृह', 'घर', 'खोपटे' यांतील फरक ज्या भाषेत लोप पावतो ती भाषा कोशकाराची असेल, लेखकाची नव्हे. २०१० च्या पुढील आवृत्तीत विशेषणांची भर पडली. तरी तेथेही विशेषण वस्तूचा रंग, आकार वा स्वभाव बदलते. बोलणाऱ्याचा भाव ते दाखवू शकत नाही. 'बिचारा हत्ती' असे म्हणताना हत्तीत काहीच बदललेले नसते, बदल बोलणाऱ्यात असतो, आणि तो चितारायला यंत्रापाशी जागा नाही.

मीमांसेतील आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. वेदवाक्यांचे वर्गीकरण करताना मीमांसकांनी 'हे कर' असे सांगणारे विधिवाक्य प्रधान मानले आणि कथा, स्तुती, निंदा, वर्णन अशा वाक्यांना 'अर्थवाद' म्हटले. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीकडे प्रवृत्त करणे एवढेच त्याचे कार्य. व्हिडिओ गेममधील कथेची स्थिती तंतोतंत हीच आहे. राक्षस कोण, राजकन्या कुठली, राज्य कसे बुडाले, हे सारे दोन लढायांच्या मधल्या चित्रफितीत सांगितले जाते आणि मुलाचे बोट ती फीत ओलांडून जाण्याच्या कळीवर असते. "पुढे काय करायचे?" हा प्रश्न शिल्लक राहतो, "पुढे काय झाले?" हा गळून जातो. एस्पेन आर्सेथने १९९७ साली मांडलेल्या विचारानुसार अशा संहितेत वाटचाल करायला वाचकाला क्षुल्लक नसलेले श्रम करावे लागतात. ते खरेच आहे. परंतु श्रम आहेत म्हणून वाचन सखोल होते असे नाही. इझरच्या वाचकाला संहितेतील रिकाम्या जागा कल्पनेने भरायच्या असतात आणि त्या भरण्यात तो स्वतः थोडा बदलतो. खेळणाऱ्यालाही रिकाम्या जागा भराव्या लागतात. फरक असा की बहुतेक जागांची बरोबर उत्तरे आधीच ठरलेली असतात.

येथवरचे विवेचन पाहून कोणी असा आक्षेप घेईल की प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात ते पाहावे. पाहू. २०१० साली रॉबर्ट वाइस आणि ब्रिटनी सेरानकोस्की यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या ६४ मुलग्यांपैकी काहींना लगेच आणि उरलेल्यांना चार महिन्यांनी खेळाचे यंत्र दिले गेले. ज्यांना ते आधी मिळाले त्यांचे वाचन-लेखनाचे गुण चार महिन्यांनंतर तुलनेने कमी भरले. उलट २०१३ साली इटलीत सान्द्रो फ्रान्चेस्किनी आणि सहकाऱ्यांनी वाचनअक्षमता असलेल्या २० मुलांवर प्रयोग केला. ज्या मुलांनी वेगवान हालचालींचे खेळ एकूण बारा तास खेळले त्यांचा वाचनाचा वेग, अचूकता न घटता, वाढला. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण ते नाहीत. पहिल्या प्रयोगात खेळाने अभ्यासाचा वेळ खाल्ला. दुसऱ्यात खेळाने अवधानशक्तीला चलाखी दिली. त्या खेळात वाचण्याजोगे जवळजवळ काही नव्हते. म्हणजे एकात खेळ हा वेळेचा चोर आहे आणि दुसऱ्यात तो दृष्टीचा व्यायाम आहे. खेळातील भाषा या दोन्हींत अनुपस्थित आहे. असे प्रयोग हवेतच, पण ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे केले जातात तो प्रश्न त्यांनी विचारलेला नसतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा, आज्ञार्थाची का होईना, पण साक्षरता खेळातून येते. ती कोणत्या भाषेची साक्षरता? जी आणि त्याच्या अनुयायांना हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण त्यांच्या घरातील, शाळेतील आणि पडद्यावरील भाषा एकच आहे. जपानचे उदाहरण येथे बोलके ठरेल. १९९६ मध्ये तेथे 'पोकेमॉन'चे पहिले खेळ आले. त्यांतील मजकूर केवळ काना लिपीत होता, कांजी चिन्हे त्यात नव्हती, आणि जपानी लिखाणात सहसा नसणारी मोकळी जागा शब्दाशब्दांमध्ये सोडलेली होती. लहान पडद्याची तांत्रिक मर्यादा हे त्याचे एक कारण. परंतु परिणाम असा की नुकतीच काना शिकलेले मूल तो मजकूर स्वतःच्या बळावर वाचू शकत होते. कांजीसह वाचण्याची सोय या मालिकेत २०१० मध्ये आली. बालकाच्या लिपीज्ञानाच्या पायरीवर खेळ येऊन उभा राहिला, असे येथे म्हणता येते.

मराठी बालकाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी दूरदर्शनसंचाला कॅसेटचे खेळ जोडले गेले, गल्लीबोळांत व्हिडिओ गेम पार्लर निघाली. पडद्यावर जी काही अक्षरे होती ती रोमन होती. पुढे खेळ मोबाइलवर आले आणि गावोगाव पोहोचले, तरी मोठ्या व्यापारी खेळांच्या पडद्यावर देवनागी क्वचितच, आणि मराठी त्याहून क्वचित दिसते. मराठी शाळेत जाणारे मूल हे खेळ खेळताना जी अक्षरे ओळखू लागते ती इंग्रजीची असतात. हा लाभ नाही असे मी म्हणणार नाही. ज्या घरात इंग्रजी पुस्तक नाही तेथील मुलाला तो फार मोठा लाभ आहे. मात्र 'भाषाविकास' या सर्वसामान्य नामाखाली तो नोंदवला गेला की एका भाषेचा जमाखर्च दुसरीच्या वहीत मांडला जातो.

परके शब्द खेळाच्या वाटेने येतात याबद्दल तक्रार करण्याचे मात्र कारण नाही. विटीदांडूत वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. हे शब्द म्हणजे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांची मराठी मुलांच्या तोंडी झालेली रूपे होत. तेलुगू शिकण्यासाठी कोणी विटी कोलली नाही, आणि त्या शब्दांनी मराठी बाटलीही नाही. आजची मुले 'लाइफ', 'लेव्हल', 'लूट' म्हणतात, 'मला हील कर', 'त्याला रिव्हाइव्ह कर' म्हणतात, तेव्हा त्यांची विभक्ती, त्यांचे क्रियापद आणि त्यांचा पदक्रम मराठीच असतो. काळजी करायचीच तर ती लिपीची करावी. विटीदांडू मौखिक होता. आजच्या खेळाभोवती मुले लिहितातही: एकमेकांना निरोप धाडतात, डाव ठरवतात, भांडतात. शाळेबाहेर स्वेच्छेने केलेले एवढे मराठी लेखन मागच्या पिढ्यांतील मुलांनी क्वचितच केले असेल. त्यातील बरेचसे रोमन लिपीत असते. तेव्हा खेळाने मराठी मुलाला लिहिते केले हे विधान खरे, आणि देवनागरीपासून दूर नेले हेही तितकेच खरे.

स्वतःच्या भाषेसाठी खेळ रचण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अलास्कातील इन्युपियाक समाजाची कथा घेऊन २०१४ मध्ये आलेला 'नेव्हर अलोन' हा त्यांतील प्रसिद्ध प्रयत्न. अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेच्या पुढाकाराने तो तयार झाला. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथेकऱ्याने सांगितलेल्या, न थांबणाऱ्या हिमवादळाचा उगम शोधण्याच्या कथेवर तो आधारलेला आहे. मूळ कथेतील मुलाच्या जागी खेळात नुना ही मुलगी आणि तिचा सोबती कोल्हा आले. निवेदन आरंभापासून अखेरपर्यंत इन्युपियाक भाषेत, वृद्ध कथेकऱ्याच्या संथ लयीत चालते, आणि त्याचे भाषांतर पडद्यावर उमटते. मला हा खेळ फार आवडतो, आणि म्हणूनच त्याची अडचण सांगणे भाग आहे. 'झॉर्क'मध्ये भाषा हे साधन होते, तिच्यावाचून पाऊल पुढे पडत नव्हते. येथे उड्या मारायला, दगड सरकवायला, वादळात अंग चोरून उभे राहायला भाषा लागतच नाही. विधी सगळा बोटांचा. भाषा सगळी अर्थवादाची. कानांवर इन्युपियाक पडते, डोळे इंग्रजी वाचतात. भाषेला सन्मान मिळाला, ऐकणाऱ्या मुलाच्या मनात तिच्याविषयी कुतूहल निर्माण झाले, हे मोठेच काम आहे. साक्षरता म्हणतात ती ही नव्हे. मराठीत असा खेळ कधी रचला गेला तर त्याच्या रचनाकारांनी 'नेव्हर अलोन'कडून आवाज घ्यावा आणि 'झॉर्क'कडून व्याकरण घ्यावे.

प्राभाकरांच्या सिद्धांतावर त्यांच्या प्रतिपक्षाने घेतलेला एक आक्षेप येथे आठवतो. सर्व भाषा कर्तव्यातूनच कळते असे म्हणता, तर "तुला मुलगा झाला" या वाक्याचे काय? येथे कोणाला काही करायचे नाही. जे झाले ते सांगितले आहे. आणि तरीही शेजारी उभ्या असलेल्या, ती भाषा न जाणणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ उमगू शकतो, कारण ऐकणाऱ्या बापाचा चेहरा उजळलेला त्याला दिसतो. साहित्याचा सारा प्रांत या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचा आहे. त्यांचे उत्तर कृतीने द्यायचे नसते, ते चेहऱ्यावर उमटते. खेळाच्या यंत्राला चेहरा नाही, ही त्याच्या भाषाशिक्षणातील सर्वांत मोठी उणीव मला वाटते. म्हणून खेळ चालू असतानाच्या भाषेपेक्षा खेळ संपल्यावरच्या भाषेकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे.

आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाचे बोलणे मी काही दिवस मुद्दाम ऐकले. खेळताना त्याची वाक्ये दोन-तीन शब्दांची, जवळजवळ सगळी आज्ञार्थी: "इकडे ये", "मागे बघ", "थांब, मी जातो". क्वचित भविष्यकाळ, तोही धमकीचा. यंत्र बंद झाले की तोच मुलगा आजीपाशी जाऊन बसे आणि भूतकाळात बोलू लागे. वाक्ये लांबत. 'मग', 'तेवढ्यात', 'पण झालं काय की' अशी जोडणारी पदे येत. नदी कुठल्या बाजूला होती, पूल कधी तुटला, शत्रू दिसायच्या आधी आवाज कसा आला, हे सारे त्याला आजीला सांगावे लागे, कारण आजीने पडदा पाहिलेला नव्हता. जी माहिती यंत्राने त्याला चित्राने दिली होती तिला शब्द शोधणे आता त्याच्यावर होते. एकदा तो म्हणाला, "आणि मग मी मेलो, आणि परत पुलापासून चालू झालो." आजी म्हणाली, "मेलास, मग आता बोलतंय कोण?" तो जरा थांबला. असे वाक्य ज्या व्याकरणात बसवायचे ते व्याकरण त्याला कोणी शिकवलेले नव्हते. खेळणारा, त्याचे पडद्यावरचे रूप आणि त्या दोहोंच्या मधला असे तीन 'मी' जीने आपल्या पुस्तकात वेगळे केले आहेत, आणि त्यासाठी त्याला बरीच पाने खर्चावी लागली आहेत. मुलाने दर्शक सर्वनामांवर काम भागवले. "अगं आजी, तो मी मेलो. हा मी नाही." आजीने मान डोलावली, हातातली भाजी निवडायची थांबवली आणि विचारले, "बरं, मग त्या पुलाचं पुढं काय झालं?"